पाणी दिलं की नरम पडणारा धातू: निकेल सुपरअलॉयचं वेल्डिंग आणि नंतरची भट्टी

‘लोखंडाला पाणी देणं’ हा शब्दप्रयोग मराठीत इतका मुरला आहे की धातू लाल करून पाण्यात बुडवला की तो कडक होणारच, असं आपण धरून चालतो. पोलादापुरतं ते खरंही आहे. पण इन्कोनेल ७१८ हा निकेलचा सुपरअलॉय, म्हणजे खूप गरम असतानाही ताकद टिकवणारा मिश्रधातू. त्याचा तुकडा हजार अंशांच्या आसपास तापवून पाण्यात टाका, बाहेर येतो तो नरम. (या लेखातली सगळी तापमानं सेल्सिअसमध्ये आहेत.) पत्रा वाकवायचा असेल, दाबून आकार द्यायचा असेल, तर तो याच अवस्थेत घेतात. कडक करायची रीत उलटी आहे. ७२० अंशांना आठ तास भट्टीत ठेवायचा, मग तासाला ५५ अंश अशा बेताने भट्टी ६२० पर्यंत उतरवायची आणि तिथं दुसऱ्या दिवसापर्यंत मुक्काम. सगळं मिळून १८ तास.

फरक किती पडतो? धातू कायमचा ताणला जायला लागतो त्या ताणाला यील्ड म्हणतात. बांधकामातल्या साध्या पोलादाचा यील्ड २५० मेगापास्कलच्या आसपास असतो. ७१८ चा नरम पत्रा विकत घेताना यील्ड ५५० च्या वर जाता कामा नये अशी अट घातलेली असते. तोच धातू त्या १८ तासांनंतर किमान १०३० देतो. त्यात बाहेरून काहीच घातलेलं नाही, फक्त आतल्या अणूंनी जागा बदलल्या.

मुख्यतः कोणत्या अणूंनी, तर नायोबियमच्या. ७१८ मध्ये निकेल ५० ते ५५ टक्के, क्रोमियम १७ ते २१, लोखंड साधारण १८, मॉलिब्डेनम ३, टायटॅनियम १ आणि ॲल्युमिनियम अर्धा टक्का असतं. नायोबियम जेमतेम ५ टक्के. तरी या मिश्रधातूच्या वेल्डिंगबद्दल आणि हीट ट्रीटमेंटबद्दल जे काही विचाराल, त्याचं उत्तर बहुतेक वेळा एकाच प्रतिप्रश्नात असतं: या घडीला नायोबियम कुठं आहे?

हजार अंशांच्या वर ते निकेलमध्ये विरघळलेलं असतं, सगळीकडे सारखं पसरलेलं. झटकन थंड केलं की तसंच अडकून पडतं, कारण थंड धातूत अणूंना हलता येत नाही. ही नरम अवस्था, आणि तिथवर नेणाऱ्या क्रियेला सोल्युशन ट्रीटमेंट म्हणतात. मग ७२० अंशांना नायोबियमच्या अणूंना हलण्यापुरती ऊब मिळते, पण लांब पळता येत नाही. ते जवळच्या जवळ निकेलशी जोड्या जमवतात, दर तीन निकेलमागे एक नायोबियम. त्यातून चपट्या चकत्यांसारखे कण तयार होतात, मिलिमीटरचे पन्नास हजार तुकडे केले तर एक तुकडा जेवढा होईल साधारण तेवढे. यांना गॅमा डबल प्राइम म्हणतात. सोबत ॲल्युमिनियम-टायटॅनियमचे गॅमा प्राइम नावाचे कणही असतात, पण ७१८ मध्ये मुख्य भार पहिल्यांवर.

हे कण ताकद देतात ते अडथळा बनून. धातू वाकतो तेव्हा अणूंचा अख्खा थर एकदम सरकत नाही. जाजमाला एक सुरकुती पाडून ती पुढं ढकलत न्यावी, तशी एक रेघ थरातून पुढं सरकत जाते. या चकत्या आसपासचं स्फटिकाचं जाळं किंचित ताणून धरतात आणि ती रेघ त्यांना अडते. कण फार बारीक असले तर रेघ ते कापून जाते, फार मोठे आणि विरळ झाले तर वळसा घालून जाते. १८ तासांचा हिशेब मधला आकार गाठण्यासाठी आहे.

या प्रकाराला एजिंग म्हणतात आणि नाव साजेसं आहे. १९०६ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांनी ॲल्युमिनियमचा मिश्रधातू तापवून पाण्यात थंड केला, तेव्हा तो म्हणावा तसा कडक निघाला नाही. काही दिवसांनी तोच तुकडा पुन्हा तपासला तर कडक झालेला. नुसता पडून राहून. निकेलमध्ये मात्र नुसतं पडून राहणं पुरत नाही, भट्टी लागते.

एक गुंता इथंच सांगून टाकतो, कारण पुढं तो सारखा आडवा येणार आहे. तीन निकेल, एक नायोबियम हेच सूत्र असलेली आणखी एक मांडणी आहे, डेल्टा. गॅमा डबल प्राइम ही तात्पुरती सोय, डेल्टा हे कायमचं घर. ८६० ते १००० अंशांच्या पट्ट्यात धातू रेंगाळला की नायोबियम या घरी जायला लागतं. डेल्टाच्या सुया जाड, लांब आणि संख्येने थोड्या असतात. रेघा अडवायला त्या कुचकामी, वर त्यांनी नायोबियम गिळल्यामुळे कामाच्या चकत्यांना ते कमी पडतं. ७१८ साधारण ६५० अंशांच्या वर दीर्घकाळ वापरत नाहीत, त्याचं कारणही हेच: त्यापुढं चकत्या हळूहळू मोठ्या होत डेल्टाकडे झुकतात.

आता वेल्डिंग. मिठाचं पाणी सावकाश गोठवलं तर आधी गोठतं ते जवळजवळ गोडं पाणी, आणि मीठ उरलेल्या द्रवात साठत जातं. वेल्डच्या वितळलेल्या डबक्यात नायोबियमचं तसंच होतं. धातू झाडाच्या फांद्यांसारखा वाढत गोठतो. फांदीच्या गाभ्यात नायोबियम दोन-तीन टक्क्यांवर येतं आणि बाकीचं फांद्यांच्या मधल्या सापटींत ढकललं जातं. शेवटचा थेंब गोठतो तेव्हा त्यात नायोबियम इतकं साचलेलं असतं की तिथं लावेस नावाची वेगळीच फेज, म्हणजे अणूंची वेगळी मांडणी असलेला भाग, तयार होते. तिच्यात नायोबियम वीस टक्क्यांच्या पुढं जाऊ शकतं. ती ठिसूळ असते.

वेल्डचा आडवा छेद घेऊन, पॉलिश करून, ॲसिडने किंचित कोरून (एच करून) सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की ही गोष्ट डोळ्यांनी दिसते. मूळ पत्र्याच्या बाजूला दगडी फरसबंदीसारखे सुबक कण (हे धातूचे स्फटिक, मघाच्या चकत्यांहून कितीतरी मोठे). वेल्डच्या रेषेपलीकडे मात्र सगळ्या फांद्या एकाच दिशेला, वरच्या टोकाकडे झुकलेल्या, आणि फांद्यांच्या मध्ये पांढुरक्या बेटांच्या माळा. ती बेटं म्हणजे लावेस. जास्त उष्णता ओतून केलेल्या टिग वेल्डमध्ये (विजेच्या ठिणगीने केलेल्या) बेटं मोठी आणि एकमेकांना चिकटलेली दिसतात, इलेक्ट्रॉन बीमच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या बारीक झोताने केलेल्या, वेल्डमध्ये बारीक आणि सुटी. डबकं जितकं पटकन गोठेल तितका नायोबियमला गोळा व्हायला वेळ कमी. भट्टीत पुढं किती कष्ट पडणार हे बऱ्याच अंशी वेल्डरच्या हातातच ठरलेलं असतं.

जोड तयार झाला, पुढं काय करायचं? ढोबळ मानाने तीन वाटा आहेत, आणि तिन्हींत काहीतरी गमवावं लागतं.

सोपी वाट म्हणजे वेल्ड करून थेट एजिंग. ७२० अंशांना लावेसची बेटं जागची हलत नाहीत. नायोबियमचा अणू जड आणि मंद, त्या तापमानाला तो चकती करण्यापुरता सरकतो, बेट फोडून बाहेर पडत नाही. त्यामुळे बेटांच्या कडेला, जिथं नायोबियम भरपूर, तिथं चकत्यांची दाटी होते आणि फांदीच्या गाभ्यात तुरळक चकत्या. यील्डचा आकडा तरी चांगला येतो, कधीकधी मूळ पत्र्याच्या जवळ पोचणारा. कागदावर जोड पास. पण ताणला की तडा बेटामागून बेट पकडत जातो. जोड फारसा न ताणता तुटतो आणि वारंवार येणाऱ्या ताणाखाली लवकर थकतो. माझं मत विचाराल तर या अवस्थेतला नुसता यील्डचा आकडा दाखवून कुणी समाधान मानत असेल तर त्याच्याकडे तुटलेल्या टोकाचा फोटो मागावा.

मधली वाट: आधी ९५५ ते ९८० अंशांना तासभर सोल्युशन, मग एजिंग. मूळ पत्र्यासाठी हे मापाचं तापमान आहे. कणांच्या सीमांवर डेल्टाचे थोडे तुकडे राहतात आणि ते कणांना वाढू देत नाहीत. खाच असलेल्या भागाला गरम अवस्थेत ठिसूळ होण्यापासूनही ते वाचवतात. म्हणजे डेल्टा नेहमीच खलनायक नाही. पण वेल्डच्या आत हेच तापमान अडचणीचं ठरतं. लावेस अर्धवट विरघळतं, त्यातून सुटलेलं नायोबियम बेटाच्या अंगणातच साचतं, आणि हा तर नेमका डेल्टाचा पट्टा. सूक्ष्मदर्शकाखाली आता प्रत्येक पांढऱ्या बेटाभोवती सुया उगवलेल्या दिसतात, साळिंदरासारख्या. नायोबियम एका तुरुंगातून सुटलं आणि दुसऱ्यात गेलं.

तिसरी वाट: १०८० ते १०९५ अंशांपर्यंत जायचं, तास-दोन तास थांबायचं आणि मग पुढचं सगळं. इथं डेल्टा टिकतच नाही, लावेसही विरघळतं आणि नायोबियमला फांद्यांमधलं अंतर, म्हणजे काही मायक्रॉनपासून दहा-वीस मायक्रॉनपर्यंत, कापायला वेळ मिळतो. ओतीव कामांना आधी याच तापमानाला नेण्याची पद्धत आहे, कारण ओतकाम म्हणजे शेवटी एक भलंमोठं, सावकाश गोठलेलं वेल्डच. या वाटेने वेल्डची लवचीकता परत येते. किंमत मोजतो तो शेजारचा पत्रा. कणांना धरून ठेवणारं डेल्टा गेलं की कण वाढत सुटतात. मोठे कण म्हणजे कमी यील्ड आणि थकव्याला कमी दम. घडवून बारीक कण मिळवण्यासाठी आधी केलेली सगळी मेहनत दोन तासांत वाया.

एकाच जॉबमध्ये, म्हणजे भट्टीत जाणाऱ्या वस्तूत, दोन धातू असल्यासारखी ही परिस्थिती आहे. रसायन सारखं, पण एकाने लाटण्या-घडवण्याचा इतिहास भोगलेला आणि दुसरा नुकता गोठलेला. भट्टीला हा भेद कळत नाही, ती दोघांना एकच तापमान देते. म्हणून ‘७१८ च्या वेल्डला बरोबर हीट ट्रीटमेंट कोणती’ या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. जोड कुठं आहे, तिथं ताण सतत आहे की ये-जा करणारा, तापमान किती, हे कळल्याशिवाय सांगणारा माणूस घाईत आहे असं समजावं.

ताकद मोजण्यातही एक फसगत आहे. जोड मध्यभागी घेऊन ५० मिलिमीटरच्या मापावर नमुना ताणला आणि तो ३ टक्के लांबून तुटला, तर अहवालात ३ लिहिलं जातं आणि सगळे घाबरतात. ३ टक्के म्हणजे दीड मिलिमीटर. समजा वेल्डची रुंदी ६ मिलिमीटर आहे आणि सगळं ताणणं तिथंच झालं, बाजूचा पत्रा हललाच नाही. मग वेल्ड स्वतः २५ टक्के लांबला! उलट, ठिसूळ वेल्डच्या शेजारी नरम पत्रा असेल तर तो ताणून घेतो आणि टक्केवारी छान दिसते. जोडाच्या नमुन्यात ती टक्केवारी एकट्याने वाचायची नसते.

आतापर्यंत बोललो ते ताकद कमी-जास्त होण्याबद्दल. याहून वाईट म्हणजे जॉब भट्टीतच तडकणं. वेल्ड झालं, एक्स-रे स्वच्छ आला, जॉब भट्टीत गेला आणि बाहेर आला तो वेल्डच्या कडेने केसासारखी चीर घेऊन. ही चीर वेल्डरची नसते. वेल्ड थंड होताना आकसतं आणि बाजूच्या धातूला ओढत राहतं, त्यामुळे जोडात मोठा ताण अडकून असतो. भट्टी तापू लागली की तो सैल व्हायला हवा. पण रेने ४१ सारख्या निकेलच्या मिश्रधातूंत, जिथं दीड टक्का ॲल्युमिनियम आणि तीन टक्क्यांच्या वर टायटॅनियम असतं, गॅमा प्राइमचे कण ताण सैल होण्याआधीच उगवतात. त्यामुळे स्फटिकांचं पोट कडक होतं, आणि सैल व्हायला जागा उरते ती फक्त सीमांवर. त्यात हे कण तयार होताना धातू किंचित आकसतोसुद्धा. सीमांना एवढं ताणून घेणं झेपत नाही आणि त्या फाटतात. यावर उपाय करतात ते असे: वेल्डिंगच्या आधी धातू नरम अवस्थेत आणायचा, आणि नंतर एजिंगचा पट्टा शक्य तितक्या वेगाने ओलांडून थेट सोल्युशनच्या तापमानाला पोचायचं. लहान जॉबला हे जमतं. जाड फ्लॅंजला (जोडणीसाठीच्या कडेच्या कड्याला) पातळ पत्रा जोडलेला असेल तर पत्रा पुढं पळतो, फ्लॅंज मागे रेंगाळते आणि वेगच नवा ताण निर्माण करतो. टर्बाइनच्या पात्यांसाठी जे ओतीव मिश्रधातू वापरतात, त्यांतल्या काहींत गॅमा प्राइमचा वाटा जवळपास निम्मा असतो. त्यांच्या वेल्डिंगचं नाव काढलं की जाणकार आधी मान हलवतात.

७१८ चा जम बसला तो याच जागी. हर्बर्ट आइझेलस्टाइन यांनी अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या हंटिंग्टनला हा मिश्रधातू घडवला, पेटंट १९६२ चं. सुरुवातीला तुकडा पाण्यात टाकला होता, आठवा: खरं तर ७१८ नरम ठेवायला पाणीही लागत नाही, पत्रा हवेत निवला तरी पुरतं. कारण गॅमा डबल प्राइम आळशी आहे, त्याला उगवायला वेळ लागतो. वेल्डनंतर भट्टीत हाच आळस उपयोगी पडतो. चकत्या तयार होऊन धातू ताठर होण्याआधी अडकलेल्या ताणाला सैल व्हायला सवड मिळते. पुढं स्पेस शटलच्या मुख्य इंजिनांत हा मिश्रधातू भरपूर वापरला गेला, आणि ती इंजिनं म्हणजे वेल्डच्या रेघांचं जाळं होती.

याचा अर्थ ७१८ कधी तडकत नाही असा नाही. वेल्डच्या अगदी कडेला, जिथं धातू वितळण्याच्या उंबरठ्यावर जातो, तिथं नायोबियम कार्बाइडचे कण आजूबाजूचा धातू स्वतःबरोबर वितळवतात. तो द्रव कणांच्या सीमांवर पसरतो, आणि जोड आकसला की तिथं सूक्ष्म चिरा पडतात. या चिरा भट्टीने भरत नाहीत. कुठल्याच भट्टीने नाही.

स्वच्छतेबद्दल थोडं, कारण इथं बेफिकिरी फार दिसते. गंधक आणि निकेल मिळून साधारण ६४० अंशांनाच वितळणारं मिश्रण बनतं, म्हणजे एजिंगच्या तापमानाच्याही खाली. कटिंग ऑइलचा डाग, ग्रीसचं बोट, खुणेसाठी वापरलेला चुकीचा मार्कर यांतून गंधक आलं की भट्टीत ते कणांच्या सीमांतून आत शिरतं आणि पृष्ठभाग ठिसूळ करतं. जॉब पुसणं हाही म्हणूनच हीट ट्रीटमेंटचा भाग आहे. शिवाय एजिंगमध्ये ७१८ आकसतो, मीटरमागे सुमारे ०.८ मिलिमीटर. ऐकायला किरकोळ, पण शेवटचं मशीनिंग आधी उरकून मग एजिंग केलं असेल तर मोठ्या व्यासाच्या जॉबमध्ये तेवढ्याने भोक जुळत नाही.

सगळ्यात अवघड असतं दुरुस्तीचं काम. वर्षानुवर्षं चाललेलं, आधीच एजिंग झालेलं इंजिनचं कवच आहे. एक चीर सापडते, ती घासून काढतात आणि टिगने भरतात. आता त्या रेघेच्या आसपास तीन पट्टे आहेत. मधे लावेसची बेटं असलेला नवा वेल्ड. त्याला लागून, जिथं तापमान चकत्या विरघळवण्याइतकं चढलं, तिथं नरम झालेला पट्टा. त्याच्या पलीकडे, जिथं चकत्या विरघळल्या नाहीत पण नको तेवढ्या वाढल्या, तिथं जरा थकलेला पट्टा. अख्खं कवच ९८० ला नेता येत नाही, कारण मापात बसवलेल्या फ्लॅंजेस वाकतील. पुन्हा नुसतं एजिंग केलं तर मधले दोन पट्टे सावरतात, पण बाकीच्या कवचाला तेच एजिंग दुसऱ्यांदा भोगावं लागतं. त्याची ताकद थोडी उतरू शकते. फक्त वेल्डपुरतं हीटर लावून तापवलं तर गरम आणि गार भागांच्या मधे नवा ताण.

अशा वेळी अनुभवी माणसं कधीकधी ७१८ ची फिलर वायर, म्हणजे वितळवून जोडात भरायची तार, बाजूला ठेवून इन्कोनेल ६२५ ची घेतात. तिच्यातही नायोबियम असतं, साडेतीन टक्क्यांच्या आसपास, पण तिची ताकद चकत्यांवर अवलंबून नाही, ती विरघळलेल्या अवस्थेतच काम करते. जोड शेजारच्या धातूपेक्षा नरम राहतो, ताण स्वतःत जिरवतो आणि भट्टीची मागणी करत नाही. ताण कमी असलेल्या जागी हे चालून जातं. तिथं दुरुस्तीच्या कागदावर हीट ट्रीटमेंटच्या रकान्यात ‘नाही’ असं लिहिलेलं असतं, आणि ते विचार करून लिहिलेलं असतं.